आधी हवा, मग आग

पंपाचा स्टोव्ह पेटेनासा झाला की सगळ्यांचा हात आधी पिनेकडे जातो. निपलमध्ये, म्हणजे वाफ सुटते त्या बारीक छिद्राच्या तोंडात, पिन खुपसायची, बर्नरवर ठोकायचं, पुन्हा काडी ओढायची. मामांचा प्रवासी प्रायमस दुरुस्त करताना माझी खात्री पटली की सुरुवात खालून करावी. पंप हवा आत ढकलतो का आणि टाकी ती हवा धरून ठेवते का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत काडेपेटी जवळसुद्धा आणू नये.

हा स्टोव्ह घरच्या स्टोव्हपेक्षा बराच लहान. टाकीत अर्धा पाइंट, म्हणजे पाव लिटरहून जरा जास्त रॉकेल मावतं. तीन पाय, वरचं कडं आणि बर्नर सुटे होतात आणि सगळं पत्र्याच्या एका डब्यात बसतं. बर्नर काढला की त्या जागी पितळी टोपण फिरवायचं. मग टाकी पाठीवरच्या पिशवीत आडवी झाली तरी तेल सांडत नाही. मामा वनखात्यात होते. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या बाजूचं रान हा त्यांचा फिरतीचा मुलूख. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि तिथला पाऊस असा की जुलै-ऑगस्टात सुकं लाकूड नावालाही सापडत नाही. त्या दिवसांत मामांचा चहा आणि भात या स्टोव्हवर व्हायचा. बेळगावात कॅम्पातल्या एका बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा त्यांनी तो जुनाच घेतला होता. निवृत्तीनंतर तो खानापूरच्या घरी गोठ्यावरच्या माळ्यावर गेला आणि तिथंच राहिला. मामा गेल्यावर मामींनी तो माझ्या हातात दिला. "तुला असलं उघडून बघायला आवडतंय, तूच घेऊन जा. भंगारात मात्र नको घालू," एवढंच म्हणाल्या.

प्रायमस हे नाव आपल्या घरांत इतकं रुळलं की तो स्वीडनचा आहे हे बहुतेकांच्या लक्षातही नसतं. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टनं १८९२ साली वातीशिवाय, काजळी न धरता जळणारा हा स्टोव्ह तयार केला. वातीच्या स्टोव्हमध्ये तेल वातीतून चढून तिच्या टोकाशी जळतं. यात दाबाखाली चढलेलं तेल बर्नरच्या तापलेल्या नळ्यांतून फिरतं, तिथं त्याची वाफ होते, ती वाफ बारीक छिद्रातून वेगानं सुटते आणि सुटताना भोवतालची हवा ओढून घेते. म्हणून ज्योत निळी. एकदा पेटला की ज्योतच नळ्या तापवत राहते. आमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्याजवळ प्रायमस होता, १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतही बर्फ वितळवायला हेच स्टोव्ह होते. आणि त्याच काळात आपल्याकडच्या कितीतरी स्वयंपाकघरांतली सकाळ त्याच आवाजानं सुरू होत होती.

माळ्यावरून खाली काढलेला स्टोव्ह काळपट हिरवा झाला होता. घासायचा मोह झाला, पण घासला नाही. चकाकी शेवटी. आधी टाकी रिकामी केली. आत तेल नव्हतंच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रॉकेलचं व्हार्निशसारखं चिकट पिवळं पुट तळाला धरलं होतं. थिनर आणि दोऱ्यात ओवलेले बारीक नट आत सोडून टाकी हलवत राहिले. दोरा अशासाठी की नट आत अडकून बसू नयेत. दर वेळी तपकिरी पाणी निघायचं, मग हळूहळू नितळ. हवा सोडायची चावी जाम होती. पितळेला पक्कड लावली की कडा कायमच्या चेपतात, म्हणून दोन दिवस आट्यांवर तेलाचे थेंब सोडत राहिले, मग टाकीचं तोंड गरम पाण्यात धरलं आणि चामड्याची पट्टी गुंडाळून हातानंच फिरवली. सुटली.

पंपाची दांडी विरोधाशिवाय आतबाहेर होत होती. म्हणजे दांडीच्या टोकाचा वाटीसारखा चामड्याचा वॉशर वाळून आक्रसला होता. बाजारात तयार वॉशर मिळतात, पण ते घरच्या मोठ्या स्टोव्हचे. या बारक्या पंपात बसणारा मापाचा मिळाला नाही. मग चामडंच शोधायला निघाले, आणि यासाठी बेळगावपेक्षा सोयीची जागा नसेल. अथणी आणि निपाणी आपल्याच जिल्ह्यात. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. या चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. असं कातडं भिजवलं की मऊ होतं आणि ज्या आकारात वाळवाल तो आकार धरून ठेवतं. वॉशरला नेमकं हेच लागतं. बॅगा-पर्सचं मऊ, क्रोममध्ये कमावलेलं चामडं इथं चालत नाही, ते पुन्हा सपाट होतं.

चपला करणाऱ्या अथणीकडच्या एका काकांनी मला पातळ कातड्याचा तुकडा काढून दिला. मी पंपाची नळी दाखवली तर त्यांनी बोट आत घालून बघितलं आणि म्हणाले, "कातड्याची वरची बाजू कुठं ठेवणार? गुळगुळीत बाजू भिताडाला लावलासा तर घसरंल, पण तेल धरणार न्हाई. खडबडीत बाजू भाईर ठेवा." तसंच केलं. गोल कापलेला तुकडा कोमट पाण्यात भिजवला, लाकडात पाडलेल्या भोकावर ठेवून बोल्टनं आत दाबला आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी वाटी तयार. कडा ब्लेडनं सारखी केली आणि एरंडेलात मुरत ठेवली. दांडीवर बसवून नळीत सारली तेव्हा बोटाला हवेचा दाब जाणवला.

पण चार-पाच पंप मारून हात काढला की दांडी आपणहून वर यायची. हे लक्षण ओळखायला सोपं आहे: पंपाच्या तळाशी हवा आत जाऊ देणारा आणि परत येऊ न देणारा एक बारका व्हॉल्व्ह असतो, तो गळतोय. त्यात स्प्रिंगच्या जोरावर बसणारी एक इवलीशी गोळी असते, बुचाची किंवा रबराची. जुनी झाली की ती दगडासारखी कडक होते आणि बैठक धरत नाही. या व्हॉल्व्हकडे दुर्लक्ष करून स्टोव्ह पेटवू नये. टाकीतलं रॉकेल दाबानं पंपाच्या नळीत शिरतं, दांडीच्या बाजूनं बाहेर येतं, आणि वर ज्योत असते.

व्हॉल्व्ह नळीच्या तळाशी, बोट पोचणार नाही इतका खोल, आणि तो उघडायला खास चावी लागते. ती कुठं मिळाली नाही. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काम करणारा माझ्या वर्गातला एक जुना विद्यार्थी आहे. मी शाळेत गणित शिकवायचे. त्यानं पोलादी सळीच्या टोकाला खाच पाडून, माप घेऊन घेऊन, व्हॉल्व्हच्या डोक्यावर चपखल बसेल अशी चावी केली. "बाई, घाई करू नका, डोकं घसरलं तर मग ड्रिलच मारावं लागतंय," असं तीनदा बजावून त्यानं ती माझ्या हातात दिली. व्हॉल्व्ह निघाला. गोळीसाठी रबरही त्याच्याकडूनच. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरची कामं चालतात, त्यामुळे तेलानं न फुगणाऱ्या रबराचे तुकडे तिथं सहज मिळतात. साधं सायकल ट्यूबचं रबर घालू नये, रॉकेलनं ते फुगून लिबलिबीत होतं. तेल भरायच्या टोपणाखालचा वॉशरही याच रबराचा कापला. बर्नर टाकीवर बसतो तिथं मात्र उष्णता जाते, तिथं शिशाचाच वॉशर हवा. शिसं मऊ असतं, आवळलं की आट्यांच्या तोंडाशी स्वतःला जागा करून घेतं.

आता टाकीची परीक्षा. बर्नरच्या जागी टोपण आवळलं, हवा भरली आणि टाकी बादलीत बुडवली. टोपणाभोवती बुडबुडे नाहीत. चावीपाशी नाहीत. पंपापाशी नाहीत. आणि तळाच्या कडेला, जिथं पत्रा वळवून खालची ताटली जोडली आहे, तिथून अगदी बारीक बुडबुड्यांची एक माळ सरळ वर निघाली होती. टाकी पुसून भिंगाखाली धरली तर तिथं केसाएवढी चीर. आदळल्याची खूण नाही, पोचा नाही, गंज नाही. पितळ असं उगाच तडकतं का?

तडकतं, आणि या प्रकाराचा शोध आपल्या देशातल्याच एका गोष्टीतून लागला. इंग्रजी फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असत, आणि पाऊस ओसरल्यावर त्यांच्या नळ्यांना चिरा पडलेल्या दिसत. कारण बराच काळ कळत नव्हतं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ते समजावून सांगितलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि पत्रा ओढताना-वळवताना पितळेत राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ वळणाच्या जागी फाटतं. यातली एक जरी गोष्ट नसली तरी फाटत नाही. म्हणून कारखान्यात वळवून झालेलं पितळ पुन्हा मंद तापवून त्यातला ताण काढतात.

हे मला आधी ठाऊक होतं, पण ते आठवलं मात्र चीर बघितल्यावर. मामांचा स्टोव्ह गोठ्यावरच्या माळ्यावर होता. खाली म्हशी, वर खानापूरचा पाऊस, मधे फळ्यांच्या फटी. चीर नेमकी पत्रा सर्वांत जास्त वळलेल्या कडेला. याहून वेगळं कारण मला सुचत नाही. ज्यांच्याकडे जुनी पितळी भांडी, समया, बंब गोठ्याशेजारच्या खोलीत पडून असतील त्यांनी ती आजच दुसरीकडे हलवावीत.

बोगारवेशीत तांब्या-पितळेची भांडी सांधणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे जायच्या आधी मी टाकी धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यानं पुन:पुन्हा धुतली, उन्हात उलटी ठेवली, वास पूर्ण गेल्याची खात्री केली. रॉकेलची वाफ उरलेल्या बंद टाकीला कथिलाचा डाख लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. काकांनी पण पहिल्यांदा टाकीच्या तोंडाशी नाक नेलं, आणि तरीही चिरेच्या खालपर्यंत पाणी भरूनच काम करायचं ठरवलं.

नुसत्या डाखावर चीर थांबत नाही, ती पुढं सरकते. म्हणून त्यांनी चिरेच्या दोन्ही टोकांना सुईएवढी भोकं पाडली, वर पातळ पितळी पत्र्याचं ठिगळ कडेच्या वळणाला जुळवून घेतलं आणि मग डाखायला बसले. आमचं थोडं वाजलं ते नवसागरावरून. डाख धरायला नवसागर उत्तम, पण त्यातूनच अमोनिया निघतो, आणि या टाकीला आधीच त्याचा दणका बसलेला. मी म्हटलं, "काका, टाकीला राळ लावा, नवसागर नको." ते कन्नडमध्ये शेजारच्या पोराला काहीतरी म्हणाले, मग माझ्याकडे वळून, "बाई, कैयाला नवसागर लागतोच की ओ, त्याबिगर कथील धरत न्हाई. टाकीला राळ लावतो, मग तर झालं?" आणि खरंच त्यांनी कैया, म्हणजे डाख लावायचं तापवलेलं हत्यार, नवसागरावर घासून लखलखीत केला, फडक्यानं पुसला आणि टाकीवर फक्त राळ वापरली. कथील चिरेवरून असं सरकत गेलं की बघत राहावं. त्यांच्या हाताला गरम करायचं किती आणि थांबायचं कधी हे माहीत होतं. डाख दोनशे अंशांच्या आसपासच वितळतो, आणि जास्त तापवलं असतं तर शेजारचा मूळ सांधा सुटला असता. ज्योतीपासून लांब, टाकीच्या तळाला हा डाख चालतो. बर्नरच्या जवळ कुणी तो लावला असेल तर तो स्टोव्ह पेटवू नका.

सांधलेल्या टाकीवर नुसता भरवसा ठेवायचा नाही, म्हणून पुन्हा उद्यमबाग. तिथं टाकी काठोकाठ पाण्यानं भरून पाण्याचाच दाब दिला. हवेनं दाब दिला आणि टाकी फुटली तर तुकडे उडतात. पाणी दबत नाही, त्यामुळे चीर गेली तरी नुसती धार लागते. स्टोव्ह चालताना चौरस सेंटिमीटरला साधारण किलो-दीड किलोचा दाब असतो. काटा तीन किलोवर नेऊन आम्ही चहा प्यायलो. काटा हलला नाही.

बर्नरचं काम त्यामानानं सोपं, फक्त वेळखाऊ. त्याच्या नळ्या आतून कोळशानं बुजतात. बर्नर लालसर होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा, कोळसा तडकून सुटतो. मग मऊ तार फिरवून फुंकायचं. काळे तुकडे येणं थांबेपर्यंत हेच. निपल आधी काढून ठेवायचा. मामांचा निपल भिंगाखाली बघितला तर छिद्र गोल राहिलंच नव्हतं. जाड पिना वर्षानुवर्षं घुसवल्या की ते लांबुळकं होतं, वाफ तिरकी आणि जास्त सुटते, आणि ज्योत पिवळी, काजळीची होते. हे छिद्र पाव मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यात पुसटसा फरकही चालत नाही. गणपत गल्लीत जुन्या स्टोव्हचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात आट्यांना बसणारे बरेच निपल निघाले. त्यांतला सर्वांत बारीक छिद्राचा घेतला.

पहिल्यांदा पेटवला तो अंगणात, शेजारी ओलं गोणपाट ठेवून. त्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं.

माझ्या वयाच्या बायकांना या स्टोव्हची भीती आहे, आणि ती खोटी नाही. आमच्या लहानपणी वर्तमानपत्रात "स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू" ही बातमी रोजची होती. त्यातल्या किती ठिकाणी स्टोव्ह भडकला आणि किती ठिकाणी रॉकेल ओतून काडी लावली गेली, हा प्रश्न बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. १९८३ साली दंडविधानात ४९८-अ आणि १९८६ साली ३०४-ब ही कलमं आली ती त्या रेट्यामुळे. हा स्टोव्ह आतून-बाहेरून उघडून बघितल्यावर मला एवढं सांगता येतं: तो भडकतो तेव्हा बहुतेक वेळा बर्नर पुरेसा तापलेला नसतो. वाफेऐवजी कच्चं रॉकेल उडतं आणि पिवळा लोळ उठतो. पण तो लोळ चावी सैल केली की, टाकीतली हवा सुटते तसा, बसतो. सुनेच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत रॉकेल असण्याचं कारण या यंत्रात कुठंही नाही.

पेटवायची रीत म्हणून नीट पाळायची. टाकी तीन-चतुर्थांशाच्या वर भरायची नाही. पेट्रोल कधीही घालायचं नाही. चावी उघडी ठेवून बर्नरखालच्या वाटीत स्पिरीट जाळायचं. रंगाच्या दुकानात पॉलिशसाठी मिळतं ते चालतं. घरच्या मोठ्या स्टोव्हला आई काकडा लावायची, याला वाटी आहे. स्पिरीट संपत आलं, ज्योत मावळायला लागली की चावी बंद आणि अगदी हलके दोन-तीन पंप. बर्नर तापला असेल तर फुसफुस ऐकू येते आणि निळी कडी धरते. मग दाब वाढवायचा. वाऱ्यात एकदा स्पिरीट पुरत नाही. तेव्हा स्टोव्ह गार होऊ द्यायचा आणि मग पुन्हा भरायचं, जळत्या वाटीत बाटलीतून ओतायचं नाही.

मामांचा स्टोव्ह धरला. आवाज सुरुवातीला तुटक होता, मग एकसारखा झाला. तळाच्या ठिगळावर बोट ठेवून बघितलं, कोमटसुद्धा नव्हतं. अर्धा लिटर पाणी पाचेक मिनिटांत उकळलं.

घासायचं काम त्यानंतर केलं. चिंचेच्या पाण्यात जेमतेम भिजवून लगेच धुतलं. आंबट पाण्यात पितळ फार वेळ राहिलं तर त्यातलं जस्त जातं आणि पृष्ठभाग गुलाबी पडतो. शिक्क्यावर पावडर अजिबात घासली नाही. आता तो राजहंसगडावर आणि कणकुंबीच्या बाजूला माझ्याबरोबर येतो. रेशनवरचं निळं रॉकेल मिळेनासं झालंय, पांढरं महाग पडतं, पण अर्ध्या पाइंटच्या टाकीला लागतं तरी किती! निघायच्या आधी दर वेळी टाकी बादलीत बुडवून बघते, आणि परत आल्यावर रॉकेल काढून ठेवते. ठेवायची जागा बदलली आहे: पुस्तकांच्या कपाटात, कोरड्या हवेत. आणखी कुठं चीर दिसली तर ही टाकी पुन्हा पेटवायची नाही हे ठरलेलं आहे, कारण एका वळणावर फाटलेलं पितळ दुसऱ्या वळणावरही तेवढंच थकलेलं असू शकतं. बर्नर आणि पंप मात्र उत्तम आहेत. ते तशाच दुसऱ्या टाकीवर बसवता येतील.